किरुनाचा न उडालेला फुगा

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, किरुना नावाचं खाणगाव आहे. गावाच्या पोटातून लोहखनिज इतकं उपसलं गेलं की जमीन खचू लागली आणि गावाचा मोठा भाग काही किलोमीटर पूर्वेला हलवायची वेळ आली. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च, सुटं न करता, जसंच्या तसं चाकांवर चढवून पाच किलोमीटर नेलं. वजन ६७२ टन. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले, तुम्हीही कदाचित पाहिले असतील.

याच किरुनापासून चाळीसेक किलोमीटरवर एसरेंज हा अवकाश तळ आहे. १९६६पासून तिथून शास्त्रीय उपकरणं नेणारी रॉकेटं उडतात, पुढे मोठमोठे फुगेही उडू लागले. रॉकेटचे रिकामे भाग पडायला राखून ठेवलेली जमीन पाच हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या आठपट. नकाशावर ती ओसाड दिसते. प्रत्यक्षात तिथं सामी या आदिवासींचे रेनडिअर चरतात.

२०२१च्या जूनमध्ये एसरेंजवरून एक फुगा सुटणार होता. वर हेलियम, खाली उपकरणांचा पाळणा, पाळण्याला पंखे. वीसेक किलोमीटर उंचीवर जायचं, पंखे चालतात का, पाळणा हवा तसा वळतो का, खालच्या माणसांशी संपर्क टिकतो का, एवढं तपासून पॅराशूटनं खाली यायचं. या उड्डाणात काहीही फवारलं जाणार नव्हतं. हवामान खात्याचे फुगे जगभरातून रोज शेकड्यांनी उडतात, त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. हा फुगा मात्र जमिनीवरच राहिला, आणि तीन वर्षांनी त्यामागचा अख्खा प्रकल्प गुंडाळला गेला.

प्रकल्पाचं नाव स्कोपेक्स. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा. प्रमुख संशोधक फ्रँक कॉइच, आणि ऊन अडवून पृथ्वी थंड ठेवायच्या कल्पनेचे जुने पुरस्कर्ते डेव्हिड कीथ. कोणताही कायदा मोडला गेला नव्हता, कोणाला इजा झाली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. तरीही प्रयोग झाला नाही. मला या प्रकरणात रस आहे तो नेमका त्यामुळे.

खडूच का?

सौर भू-अभियांत्रिकी हे नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. पृथ्वीवर येणाऱ्या उन्हातला थोडासा भाग वरच्या वर परतवून लावायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे तितकाच राहतो, ताप तेवढा कमी जाणवतो. ताप आलेल्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवावी तसं. पट्टीनं जंतू मरत नाहीत, आणि पट्टी काढली की ताप पुन्हा चढतो.

हे जमू शकतं, याचा पुरावा ज्वालामुखींनी दिलेला आहे. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला आणि दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या आणि पावसाच्या थराच्या वर, जाऊन बसला. त्याचे अतिसूक्ष्म आम्लथेंब बनले, ते पृथ्वीभर पसरले आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. खालच्या हवेतला धूर पावसानं काही दिवसांत धुऊन निघतो. स्थितांबरात पाऊसच नाही, त्यामुळे तिथं गेलेला कण वर्ष-दीड वर्ष तरंगत राहतो. म्हणून तुलनेनं कमी माल पुरतो, आणि म्हणूनच ही कल्पना भुरळ घालते. अंदाजी खर्च वर्षाला काही अब्ज डॉलर, म्हणजे एखादा मध्यम आकाराचा देशही एकट्यानं करू शकेल इतपत. भीतीचं मूळ या स्वस्ताईतच आहे.

२००६पर्यंत शास्त्रज्ञ हा विषय चारचौघांत काढत नसत. त्या वर्षी पॉल क्रुट्झेन यांनी लेख लिहिला की उत्सर्जन कमी करायच्या प्रयत्नांना यश येताना दिसत नाही, तेव्हा निदान याचा अभ्यास तरी करून ठेवा. क्रुट्झेन म्हणजे ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी १९९५चं नोबेल मिळालेला माणूस. त्यांनीच म्हटल्यावर बंद खोलीचं दार उघडलं.

पण गंधकात खोट आहे. आम्लथेंबांच्या पृष्ठभागावर क्लोरीनचं रसायन असं काही चालतं की ओझोनचा थर झिजतो. शिवाय हे थेंब उष्णता शोषून स्थितांबरालाच तापवतात आणि वरच्या वाऱ्यांची घडी विस्कटते. यावर हार्वर्डच्या गटानं २०१६मध्ये उतारा सुचवला तो कॅल्शियम कार्बोनेटचा. म्हणजे चुनखडी. आम्लपित्तावर चघळायच्या गोळ्यांत असतं तेच. तर्कही तोच: आम्लारी कण वरच्या हवेतलं आम्ल मारेल, तापणार कमी, ओझोनला झळ कमी. (पानाला लावतात तो चुना वेगळा, तो चुनखडी भाजून, पाण्यात विझवून करतात. शाळेतला खडूही हल्ली बहुधा जिप्समचा असतो. आणि ‘चुना लावला’ हा शेरा मारायचा मोह मला झाला होता, तो आवरतो.)

अडचण एकच. गंधकाचा प्रयोग निसर्गानं अनेकदा करून दाखवलाय, चुनखडीचा कधीच नाही. स्थितांबरात नैसर्गिक चुनखडी नसते. तिथल्या थंडीत, कोरड्या हवेत, अतिनील किरणांत ती कशी वागेल हे ठाऊक नाही. प्रयोगशाळेत २०२०पर्यंत एवढं दिसलं होतं की कणाच्या पृष्ठभागावर आम्लाशी प्रक्रिया होते, पण लवकरच मंदावते, जणू कण स्वतःवरच साय धरतो. म्हणजे आधीची गणितं फार आशावादी होती. खऱ्या हवेत काय होतं ते बघायचं तर वर जायलाच हवं.

म्हणून स्कोपेक्स. शंभर ग्रॅम ते फार तर दोन किलो भुकटी वीस किलोमीटर उंचीवर सोडायची. पाळण्याच्या पंख्यांच्या झोतानं किलोमीटरभर लांब आणि शंभरेक मीटर जाडीचा एक अदृश्य पट्टा तयार होईल. मग पाळणा मागे वळवून त्याच पट्ट्यातून पुन्हा न्यायचा आणि मोजायचं: कण एकमेकांना चिकटले का, किती, आजूबाजूच्या हवेचं रसायन किती बदललं. दोन किलो म्हणजे वाण्याकडची साखरेची पिशवी. पृथ्वीच्या तापमानावर याचा परिणाम शून्य. गटाचं म्हणणं असं की प्रवासी विमान मिनिटभरात जेवढं मागे सोडतं, त्याच पट्टीतली ही गोष्ट आहे. ते चुकीचं नव्हतं.

पावसाचा प्रश्न

इथं थोडं थांबून आपल्याकडे यावं लागेल, कारण या विषयात कोणाचं काय जाऊ शकतं हे सांगायला मान्सूनइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात आणि पाऊस आणतात. ऊन छाटलं तर जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, दोघांतला फरक कमी होतो, आणि वाऱ्याला ओढणारी दोरी सैल पडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदसामी बाला या विषयावर २०००पासून संगणकी प्रारूपांनी काम करतायत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये एक गोष्ट नीट दाखवून दिली: ऊन कमी करून तापमान अगदी पूर्ववत आणलं, तरी जगाचा सरासरी पाऊस पूर्ववत राहत नाही, घटतो. तापमान आणि पाऊस एकाच बटणावर चालत नाहीत. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचा प्रवाह जगभरात लक्षणीय घटला होता. त्यात एल निनोचाही हात होता, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे. तापमानवाढ होऊ दिली तरी मान्सून बिघडतोच. ढगफुटी, मधले लांब खंड, अवेळी गारपीट हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तेव्हा प्रश्न ‘बिघाड की बिनबिघाड’ असा नाही, दोन बिघाडांतला आहे, आणि त्यातला एक कोणीतरी जाणूनबुजून केलेला असेल. विमानं फिरवून ढग पळवले, ही तक्रार आपल्याकडे पारावर ऐकायला नवी नाही. उद्या कोणी खरोखरच आकाशात पडदा ओढला आणि त्या साली आपल्याकडे पाऊस रुसला, तर तो पडद्यामुळे रुसला की एरवीही रुसलाच असता, हे कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार?

आणि एक शेवटचं तांत्रिक कलम, ज्याची धास्ती सगळ्यात जास्त घेतली जाते. हा पडदा एकदा ओढला की दरवर्षी नवा माल टाकत राहावा लागतो. युद्ध, दिवाळं, सत्तापालट, काहीही होऊन तो अचानक थांबला तर कण वर्ष-दोन वर्षांत खाली बसतात आणि दडपून ठेवलेली दशकांची उष्णता थोड्या वर्षांत अंगावर येते.

तारीख आधी, विचारणा नंतर

मूळ बेत अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा होता, २०१८चा. तो लांबत गेला. दरम्यान २०१९मध्ये हार्वर्डनं एक स्वतंत्र सल्लागार समिती नेमली. अध्यक्षपदी कॅलिफोर्निया सरकारातल्या अधिकारी लुईस बेड्सवर्थ. समितीचं काम असं की प्रयोगाची शास्त्रीय छाननी, सुरक्षितता, कायदा आणि लोकांशी संवाद या सगळ्यावर नजर ठेवायची, आणि गरज पडली तर थांबा म्हणायचं. अशी समिती नेमायचं बंधन कोणत्याच कायद्यानं घातलेलं नव्हतं. हार्वर्डनं आपणहून नेमली, आणि हे श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण पुढे फुगा थांबला तो याच समितीच्या शब्दावर.

मग कोविड आला. २०२०च्या डिसेंबरात जाहीर झालं की पाळण्याची चाचणी स्वीडनमध्ये, तिथल्या सरकारी मालकीच्या स्वीडिश स्पेस कॉर्पोरेशनमार्फत, पुढच्या जूनमध्ये होणार. समितीची रचना अमेरिकेतल्या प्रयोगासाठी झालेली, तिच्यात स्वीडनचं कोणी नव्हतं. लोकांशी संवाद कसा साधायचा याचा आराखडा अजून चर्चेत होता, पण तारीख ठरली होती आणि जागाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथंच बसली. प्रयोगाची जागा बदलली की नुसतं विमानाचं तिकीट बदलत नाही, ज्यांना विचारायचं ती माणसंही बदलतात. हार्वर्डच्या लोकांनी एसरेंजला रडार आणि अनुभवी कर्मचारी असलेला तळ म्हणून पाहिलं. पन्नास वर्षं तिथून फुगे उडतायत, आणखी एक उडेल.

२४ फेब्रुवारी २०२१ला समितीकडे पत्र आलं. सह्या सामी परिषदेच्या, आणि सोबत स्वीडनमधल्या तीन मोठ्या पर्यावरण संघटनांच्या: ग्रीनपीस, निसर्ग संवर्धन सोसायटी आणि फ्रेंड्स ऑफ द अर्थ. पत्राचा सूर ओरडा करणारा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्यांचा पहिला मुद्दा असा की करार होईपर्यंत गोष्ट गेली, तरी स्वीडिश सरकार, तिथले शास्त्रज्ञ, तिथल्या संस्था किंवा सामी लोक, कोणाशीच बोलणं झालेलं नाही, हे आश्चर्यकारक आहे. दुसरा, या तंत्राचे परिणाम भयंकर असू शकतात आणि त्याच्या नुसत्या आशेनंही कार्बन कमी करायची निकड ढिली पडते. आणि तिसरा, म्हणून हा प्रकल्प स्वीडनमध्येच काय, कुठेच होऊ नये.

सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर भागात पसरलेले आदिवासी. संख्या लाखाच्या आतबाहेर. स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे, आणि तो चालतो ‘सामेबी’ नावाच्या चराऊ मंडळ्यांमधून. गेल्या शतकभरात त्यांच्या कुरणांतून खाण आली, खनिजाची रेल्वे आली, धरणं आली, रॉकेटं पडायची जागा आली, अलीकडे पवनचक्क्या आल्या. प्रत्येक वेळी कारण मोठं होतं, देशाच्या नाहीतर जगाच्या भल्याचं.

आता यातली विसंगती पाहा. तापमानवाढीचा फटका सर्वांत आधी बसणाऱ्यांत हेच लोक आहेत. हिवाळ्यात रेनडिअर बर्फ खुरानं उकरून खालची दगडफुलासारखी शेवाळी वनस्पती खातो. बर्फ भुसभुशीत असेल तर मीटरभर खालचाही वास त्याला येतो. पण हल्ली ऐन थंडीत मध्येच पाऊस पडतो. पाणी बर्फात मुरतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि चाऱ्यावर काचेसारखं झाकण बसतं. जनावर खूर आपटत राहतं, झाकण फुटत नाही. मग मालकाला विकतचा चारा गाड्यांनी आणून घालावा लागतो, नाहीतर कळपातली जनावरं मरतात. म्हणजे पृथ्वी थंड ठेवायच्या उपायाची खरी गरज ज्यांना, त्यांनीच हा उपाय नाकारला. सामी परिषदेच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष ओसा लार्शॉन ब्लिंड यांची जाहीर भूमिका थोडक्यात अशी होती: निसर्गावर ताबा मिळवायची हीच वृत्ती आम्हाला इथवर घेऊन आली, आमची शिकवण निसर्गाशी जुळवून राहण्याची आहे.

पत्रानंतर महिनाभरात, २५ मार्चला, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल आला: या विषयावर पाच वर्षांत १० ते २० कोटी डॉलर खर्चून, सावधपणे, नियम घालून संशोधन करा. मैदानी प्रयोग हवेच असतील तर दुसऱ्या कोणत्याही मार्गानं ती माहिती मिळत नसेल तेव्हाच. स्कोपेक्सला अनुकूल वारा म्हणावा असा अहवाल. सहाच दिवसांनी, ३१ मार्चला, सल्लागार समितीनं सांगितलं की स्वीडनमधल्या लोकांशी, विशेषतः सामींशी, नीट संवाद होईपर्यंत चाचणीसुद्धा थांबवा. स्वीडिश स्पेस कॉर्पोरेशननंही अंग काढून घेतलं. जूनमध्ये सामी परिषदेनं तीसहून अधिक आदिवासी संघटनांना सोबत घेऊन हार्वर्डला पुन्हा लिहिलं की नुसतं थांबवू नका, कायमचं बंदच करा.

बारसूचा सडा

स्कोपेक्सच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा तेव्हाचा त्रागा मला समजतो. या चाचणीत कणही सुटणार नव्हता! यंत्राच्या चाचणीला लोक घाबरतात म्हणजे काय?

याचं उत्तर हार्वर्डपेक्षा रत्नागिरी जिल्ह्यात लवकर मिळेल. एप्रिल २०२३मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. नुसतं परीक्षण. बोअर मारायचे, खालचा दगड तपासायचा, निघून जायचं. सरकार तेच सांगत होतं, आणि शब्दशः ते खरंही होतं. तरी गावकरी, त्यात बायका पुढे, भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. बोअरच्या भोकानं सड्याचं काही बिघडणार नाही हे त्यांना कळत नव्हतं असं कोणाला वाटत असेल, तर त्याला गाव कळलेलं नाही. मोजणीची खुंटी ठोकली की पुढे काय येतं, हे गावाला धरणांपासून ठाऊक आहे. अडवायचं तर खुंटीलाच, नंतर अडवायला हातात काही उरत नाही.

किरुनात तेच झालं. संशोधक ‘धोका किती?’ या प्रश्नाचं उत्तर देत राहिले, आणि ते उत्तर बरोबर होतं: नगण्य. समोरून विचारलं जात होतं ते वेगळंच, ‘हे कोणी ठरवलं?’ त्याला ग्रॅम-किलोमध्ये उत्तर नाही. उलट ‘दोन किलोच तर आहे’ हे जितक्या वेळा म्हणावं, तितकं समोरच्याला वाटतं की आपला प्रश्न यांच्या कानावरच पडत नाही.

तरीही सामी परिषदेच्या पत्रातला ‘कुठेच नको’ हा भाग मला पटत नाही. आपल्या कुरणावरचा फुगा नाकारणं हा त्यांचा हक्क. पण जगात कुठेच कोणी हे तपासू नये म्हणणं म्हणजे अज्ञान सगळ्यांच्या वतीनं राखून ठेवणं. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही कोणी विचारलेलं नाही, ना पडद्याबद्दल, ना पडद्याच्या अभ्यासाबद्दल. उद्या एखाद्या श्रीमंत देशानं उष्णतेच्या लाटेत हजारो माणसं मेल्यावर घाईघाईत हे करायचं ठरवलं, तर त्याला ‘करू नका, याचा परिणाम असा होतो’ हे ठणकावून सांगायला आपल्या हातात मोजमाप हवं. नुसत्या प्रारूपांवरचा वाद प्रारूपांतच फिरत राहतो.

संशोधनानं तंत्राची वाट मोकळीच होते असंही नाही, आणि याचा दाखला आपल्याजवळचा आहे.

गोव्याचं लोखंड

२००९च्या जानेवारीत ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाऊनहून दक्षिण महासागराकडे निघालं. मोहिमेचं नाव लोहाफेक्स, त्यातलं ‘लोहा’ आपलंच. गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग. नेतृत्व वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांचं. कल्पना अशी की समुद्राच्या ज्या भागात लोहाची कमतरता आहे तिथं ते मिसळलं तर सूक्ष्म वनस्पती फोफावतील, हवेतला कार्बन खातील, मरून तळाशी जातील आणि कार्बन खाली गाडला जाईल. हीही भू-अभियांत्रिकीच, फक्त उन्हाची नाही, कार्बनची.

जहाज निघाल्यावर गदारोळ झाला. संघटनांनी हरकत घेतली, जर्मन पर्यावरण मंत्रालयानं विरोध केला, संशोधन मंत्रालयानं काम थांबवायला सांगितलं. जहाज दक्षिणेकडे जात असताना बाहेरच्या तज्ज्ञांकडून तातडीनं मूल्यांकन मागवलं आणि २६ जानेवारीला परवानगी मिळाली. मग काही टन लोह सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात मिसळलं गेलं. वनस्पती फोफावल्या, पण त्यांना खायला इवलेसे कवचधारी जीव आले, त्यांना खायला त्यांच्याहून मोठे आले, आणि कार्बन त्यांच्या जेवणावळीतच फिरत राहिला. तळाशी गेला तो किरकोळ. त्या पाण्यात सिलिका कमी असल्यानं काचेच्या कवचाच्या ज्या वनस्पती जड होऊन बुडतात, त्या वाढल्याच नाहीत. ‘समुद्रात लोखंड टाका, हवामान सुधारा’ या स्वप्नाला त्या प्रयोगानं मोठी टाचणी लावली. प्रयोग झाला म्हणून ती लागली.

टनांनी लोखंड समुद्रात गेलं आणि दोन किलो खडू आकाशात गेला नाही, हे नुसतं ऐकलं तर विचित्र वाटतं. एक फरक मात्र होता. दक्षिण महासागराच्या त्या पाण्यात कोणाचं कुरण नव्हतं.

त्यानंतर

हार्वर्डचा गट २०२१नंतर शांत झाला. डेव्हिड कीथ २०२३मध्ये शिकागो विद्यापीठात गेले. १८ मार्च २०२४ला हार्वर्डनं जाहीर केलं की स्कोपेक्स संपला, तयार झालेला पाळणा स्थितांबराच्या दुसऱ्या, भू-अभियांत्रिकीशी संबंध नसलेल्या अभ्यासासाठी वापरता येईल.

याच सुमारास दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण घडलं. ‘मेक सनसेट्स’ नावाच्या अमेरिकी स्टार्टअपनं २०२२मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागात सल्फर डायऑक्साइड भरलेले हवामान-फुगे सोडून दिले. समिती नाही, मोजमाप नाही, परवानगी नाही. वर थंडाव्याची ‘क्रेडिट्स’ ऑनलाइन विकायला काढली. जानेवारी २०२३मध्ये मेक्सिको सरकारनं असे प्रयोग बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी उशिरा का होईना विचारलं, त्यांचा फुगा जमिनीवर राहिला, ज्यांनी कोणालाच विचारलं नाही त्यांचा उडून गेला. कॉइच आणि मंडळींना तेव्हा काय वाटलं असेल, याची मी फक्त कल्पना करू शकतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर घडी अजून बसलेली नाही. जैवविविधता कराराच्या देशांनी २०१०मध्ये जपानातल्या नागोयात भू-अभियांत्रिकी रोखून धरायचा ठराव केला, त्यात लहान शास्त्रीय प्रयोगांना वाट ठेवली, पण तो बंधनकारक नाही. २०२४च्या सुरुवातीला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडनं या विषयासाठी तज्ज्ञगट नेमायचा प्रस्ताव आणला. एकमत झालं नाही आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

ब्रिटनमध्ये मात्र हालचाल झाली. तिथं २०११मध्येही असाच एक प्रयोग ठरला होता: फुग्याला किलोमीटरभर नळी बांधून नुसतं पाणी फवारायचं. तोही रखडला आणि २०१२मध्ये रद्द झाला, त्यात पेटंटच्या वादाचा वाटा होता. त्या चमूतले केंब्रिजचे अभियंता ह्यू हंट पुन्हा कामाला लागलेत. मे २०२५मध्ये ब्रिटिश सरकारच्या एरिया या संशोधन संस्थेनं सुमारे ५.७ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला, आणि कोणताही मैदानी प्रयोग करण्याआधी पर्यावरणाचं मूल्यमापन प्रसिद्ध करायचं आणि स्थानिकांशी बोलायचं, ही अट त्यात आधीपासूनच घातली. हंट यांच्या प्रकल्पातही फुगा आहे, आणि त्यात चुनखडीसारख्या खनिजांची भुकटी आहे. वजन काही मिलिग्रॅम. ती हवेत सोडायची नाही. पाळण्यातच ठेवून स्थितांबरातली हवा तिला लागू द्यायची, मग पाळणा खाली उतरवून नमुने प्रयोगशाळेत परत आणायचे आणि कणांवर साय किती धरली ते बघायचं.